टिनोपॉलात धुतलेली जर्मन टोपी

“तुमच्या कानावर आलं आसंलच,” असं म्हणून आक्का बोलायला लागल्या, की समजावं, आपल्या कानावर काहीही आलेलं नाही याची त्यांना पक्की खात्री आहे. मी बागेतला नळ बंद केला आणि मेंदीच्या कुंपणापाशी गेले. पलीकडे बाजेवर कुरडया वाळत पडलेल्या, आक्कांच्या हातात कावळे हाकायची काठी आणि डोळ्यांत बातमी.

“थोरलीचं पोरगं आलंय पुण्याहून. मामंजींची ट्रंक काढली त्यानं माळ्यावरनं. आन् ती जर्मन टोपी हाय न्हवं, तिचं लाखात पैसं येत्यात म्हणं.”

“मग येऊ देत की.”

“कुठलं येत्यात! काल पुण्याहून गिऱ्हाईक आलं हुतं. भिंग लावून बगितली, जांभळी बॅटरी मारून बगितली, आन् म्हणाला, डुप्लिकेट हाय.”

‘डुप्लिकेट’ हा शब्द आक्कांनी असा उच्चारला, की कुणी सुनेच्या माहेरावर बोट ठेवावं.

वाईत कुणाच्या घरात काय आहे हे घरच्या माणसांपेक्षा आळीला जास्त ठाऊक असतं. आक्कांच्या सासऱ्यांची टोपी त्यातलीच. साताऱ्याकडं लामावर, म्हणजे लढाईवर, कुणीच गेलं नाही असं गाव शोधूनच काढावं लागेल. अपशिंग्याच्या तर नावामागेच ‘मिलिटरी’ लागलंय. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण कामी आले. तेव्हा माळ्यावर हिरवी लोखंडी ट्रंक असणं आणि तिच्यात बिल्ले, पट्टे, परदेशी काटा-चमचा असलं काहीबाही निघणं, यात आमच्याकडे नवल नाही. नवल होतं ते टोपीच्या कथेचं. आक्कांची थोरली जाऊ ती कथा सांगायची. सुभेदारांनी, म्हणजे या सासऱ्यांनी, आफ्रिकेच्या वाळवंटात एका जर्मन अंमलदाराला जिता धरला आणि त्याच्या डोक्यावरची टोपी काढून आणली. मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा तो साधा लेफ्टनंट होता. थोरलीच्या मुलीच्या लग्नात कॅप्टन झाला. मुलाला नोकरी लागली त्या वर्षी कर्नल. आणखी थोडा अवधी मिळता तर टोपी खुद्द रोमेलच्या डोक्यावरून निघाली असती.

“आन् हे एवढंच न्हाई,” आक्का कुंपणावर वाकल्या. आक्कांचा आवाज उतरला की बातमी चढते. “खालच्या आळीत कोण काय बोलतंय ठाव हाय का? मामंजींनी म्हणं टोपी काडून आणली न्हाई, फिरवली! जर्मनीत कैदी हुतं आन् तितल्याच पलटणीत गेलं. ही टोपी त्येंची सवताचीच.”

तेवढ्यात पलीकडच्या ओट्यावरून खाकरल्याचा आवाज आला. मास्तर. मास्तर म्हणजे शाळेचे नव्हेत, शिलाईचे. अर्ध्या वाईचे गणवेश आणि झाडून सगळ्या बँडवाल्यांचे कोट त्यांच्या हातून गेलेत, आणि तरुणपणी बेळगावच्या कॅन्टोन्मेंटात एका शिंप्याच्या हाताखाली त्यांनी लष्करी कपडाही शिवलाय. ते म्हणाले, “आक्का, त्यानं डुप्लिकेट म्हटल्यावर गेला का तो?”

“गेला की. जाता जाता म्हणाला, हौस म्हणून चार-पाच हजाराला घीन.”

“बघा म्हणजे. खोटा माल घ्यायला गडी पुण्यापासनं डिझेल जाळत आला. आणा ती टोपी इकडं.”

संध्याकाळी ऊन उतरल्यावर बैठक बसली. कुंपणाच्या या बाजूला मी, त्या बाजूला आक्का, मधल्या फटीतून आत आलेले मास्तर, आणि टोपी छातीशी धरून आलेला थोरलीचा मुलगा. पोरगं चांगलं आहे. संगणकात काम करतं, त्यामुळे तीन रात्री जागून त्यानं जर्मन टोप्यांचं सगळं शास्त्र वाचून काढलं होतं. मास्तरांनी आयुष्यात एक अक्षर त्या विषयावर वाचलेलं नव्हतं. पुढं जे झालं ते या दोघांमुळं.

मास्तरांनी हात धुतले, पंच्याला पुसले, चष्मा लावला आणि टोपी घेतल्या घेतल्या उलटी केली.

“वरून बघा ना,” पुतण्या म्हणाला.

“वरून सगळ्याच टोप्या राजबिंड्या. खोटं करणारा वरच्या बाजूवरच जीव काढतो. आतला कंटाळा मला बघू दे.”

मीही वाकून पाहिलं. शेवाळलेल्या कौलाच्या रंगाचं लोकरी कापड, पुढं लांब झापड, भोवती दुमडून वर घेतलेली पट्टी आणि ती कपाळावर दोन बारक्या, दाणेदार, करड्या रंगाच्या बटणांनी जोडलेली. थंडीत बटणं सोडून पट्टी कानांवर ओढायची सोय. कपाळावर इंग्रजी टी अक्षराच्या आकाराचा विणलेला तुकडा: वर पंख पसरलेला गरुड, त्याच्या पंजात ते तिरकं स्वस्तिक, खाली काळ्या-पांढऱ्या-लाल रंगाची चकती. गरुडाच्या पोटाखाली तांबूस, पिवळट, घट्ट बसलेला डाग.

“रक्त?” मी विचारलं. कथा एवढी वर्षं ऐकल्यावर दुसरं काय सुचणार.

“हळद-कुंकू,” आक्का म्हणाल्या. “सासूबाई दर दसऱ्याला लावायच्या. शस्तरं पुजताना मामंजींची टोपी पाटावर ठेवायची आन् स्वस्तिकाला बोट टेकवायचं. त्यांना काय म्हाईत त्यो कुणाचा स्वस्तिक!”

पुतण्यानं कपाळाला हात लावला. पुण्याच्या गिऱ्हाइकानं त्या डागापायी किंमत निम्म्यावर आणली होती म्हणे.

मास्तरांचं लक्ष आमच्याकडं नव्हतं. त्यांनी अंगठ्याचं नख बिल्ल्याच्या कडेनं फिरवलं, मग आतून अस्तर चाचपलं, मग पुन्हा बाहेरून. “हे बघ बाळा. बिल्ला मशीनच्या नागमोडी टाक्यानं बसवलाय. बाहेर टाका दिसतो. आत अस्तरावर दिसतो का?”

“नाही.”

“कारखान्यात आधी बिल्ला, मग अस्तर. लोकरीत टाका पडून गेल्यावर अस्तर वरून बसतं, टाका झाकला जातो. उद्या मी नव्या टोपीला जुना बिल्ला लावायचा म्हटलं तर टाका एकतर अस्तरातनं आरपार येणार, न्हाईतर मला अस्तर उसवून परत शिवायला लागणार. आन् परत शिवलेलं अस्तर आंधळ्यालाही कळतं. पहिल्या सुईची भोकं शेजारीच राहतात. इथं एक भोक रिकामं न्हाई.”

पुतण्यानं लगेच वाचलेलं काढलं: लढाईवर पलटणीतल्या शिंप्यानेही बिल्ले हातानं लावलेले असत, तेव्हा टाका आरपार आला म्हणून टोपी खोटीच असं होत नाही. मास्तरांनी मान हलवली. “मान्य. आरपार असला तर शंका घ्यायची, फाशी द्यायची न्हाई. पण आरपार न्हाई, ही गोष्ट आपल्या बाजूची.”

मग त्यांनी कापड चिमटीत धरून चोळलं आणि तोंड वाकडं केलं. “हलकं हाय. चिंध्या पिंजून केलेली लोकर हाय ही. आन् नुसती लोकरबी न्हाई, काहीतरी भेसळ हाय.”

पोराचा चेहरा पडला. पण मला वाटतं, अख्ख्या संध्याकाळीत हीच गोष्ट सगळ्यात गमतीची निघाली. युद्ध लांबलं तशी जर्मनीत लोकर आटली. जुने कपडे पिंजून त्यांचा धागा पुन्हा विणत, त्यात लाकडाच्या लगद्यापासून काढलेला कृत्रिम रेशमासारखा धागा मिसळत. शेवटच्या वर्षांतला गणवेश तर अंगावर घोंगडं घेतल्यासारखा दिसायचा. आज कुणी नक्कल करायला बसला तर तो दुकानातली चांगली लोकर आणतो. त्याला तितकं वाईट कापड मिळतच नाही. मास्तरांनी हे पुस्तकाशिवाय बोटांनी ओळखलं, आणि पुतण्यानं तोंड उघडायच्या आधी स्वतःच म्हणाले, “नक्कल करणारा एवढी गरिबी आणणार कुठनं?”

जाळून बघायची परीक्षा झालीच. आतल्या शिवणीतला सुटलेला तंतू मास्तरांनी सुईच्या टोकानं ओढला, काडी लावली. आधी केस जळल्याचा वास, मागोमाग कागद जळल्याचा. राख बोटावर चुरगळली, गोळी झाली नाही. गोळी झाली असती तर पॉलिएस्टर. आणि पॉलिएस्टर म्हणजे आपलं टेरिलीन, टेरिकॉट: त्याचं पेटंट इंग्लंडात १९४१ सालचं, बाजारात आलं १९५० नंतर. जर्मन शिपायाच्या टोपीत ते असायचं काही कारणच नाही.

“आता बटणाचा दोरा बघू,” पुतण्या म्हणाला. उत्साह वाढला होता. उजव्या बटणाचा दोरा जरा पांढुरका दिसत होता. त्याचं लोंबतं टोक कापून काडी लावली. झर्रकन आकसलं आणि काळी टणक गोळी झाली.

कुणी काही बोललं नाही. पोरगं हळूच म्हणालं, “पॉलिएस्टर.”

मास्तर हसायला लागले ते थांबेनात. “अरे, ते बटण माझं! तू चौथीत होतास. संमेलनात तुला हिटलर केला होता. काजळाच्या मिशा काढल्या होत्या. टोपी डोक्यावर ऱ्हाईना म्हणून तू ओढलीस आन् बटण तुटलं. तुझी आई धावत माझ्याकडं आली, मी मशीनवरचाच दोरा घेऊन दोन टाके मारून दिले.”

“आन् पयला नंबर बी आला न्हाई,” आक्कांनी भर घातली. “एक पोरगी बाजीप्रभू झाली हुती, तिचा आला.”

हे त्याला आठवत नव्हतं, निदान तसं तो म्हणाला.

एवढं झाल्यावर पुण्याच्या पाहुण्याच्या जांभळ्या बॅटरीचा सोक्षमोक्ष लावायचा राहिला होता. तसली बॅटरी काही आकाशातून पडत नाही. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याकडे नोटा तपासायला ठेवलेला दिवा असतो तीच जात. पुतण्यानं तो मागून आणला. आक्कांच्या माजघरात दारं लावून अंधार केला आणि दिवा टोपीच्या पोटात धरला. अस्तर निळसर पांढरं असं लखलखलं, की मास्तरांच्या धोतराशी स्पर्धा. दिवा बाहेरून गरुडावर आणला, तर गरुडाच्या पोटाखालून हिरवट पिवळा उजेड. खरं सांगायचं तर मला जरा भीतीच वाटली.

“हेच दाखवलं त्यानं,” पोरगं म्हणालं. “युद्धाच्या काळातलं कापड या दिव्याखाली मंद राहतं. चमकलं तर नवं.”

त्याचं कारणही त्यानं नीट सांगितलं. कपडे उजळ दिसावेत म्हणून साबणाच्या पावडरीत, नव्या दोऱ्यात, कापडात एक द्रव्य घालतात. ते डोळ्याला न दिसणारे जांभळ्यापलीकडचे किरण पितं आणि निळा उजेड बाहेर टाकतं, म्हणून पिवळट धोतर पांढरंशुभ्र भासतं. त्याचा घरोघरी सुळसुळाट झाला तो युद्धानंतर. म्हणून टोप्या पारखणारे दिवा मारतात.

अंधारात आक्कांचा आवाज आला. “टिनोपॉल.”

“काय?”

“टिनोपॉल रं. माझं नवंनवं लगीन झालं हुतं. सासूबाई म्हणाल्या, पावसाळ्याआधी ट्रंकेतलं सगळं धुवून काड. मी बया टोपी बी बादलीत टाकली, मामंजींच्या धोतराबरुबर. आन् शेवटच्या पाण्यात टिनोपॉल. ते झापड वाकडं दिसतंय न्हवं, त्यातला पुठ्ठा भिजला तवा. मामंजी दोन दिस माज्याशी बोलले न्हाईत.”

दार उघडलं. सगळ्यांनी झापडाकडं पाहिलं. वाकडंच होतं. आणि गरुडाचा हिरवट पिवळा उजेड? मास्तरांनी आक्कांच्या डब्यातली चिमूटभर हळद कागदावर घेतली, दिव्याखाली धरली. तोच रंग. वाईची हळद नुसती आमटीतच चमकते असं नाही.

तर पुण्याच्या पाहुण्याचा दिवा खोटं बोलला नव्हता. टोपीची आणि टिनोपॉलची गाठ पडली, एवढंच तो सांगत होता. गाठ कुठल्या साली पडली ते आक्कांना विचारायला हवं होतं. त्याला ते सुचलं नाही, किंवा सुचून सोयीचं वाटलं नाही. माझं मत दुसरं.

आत अस्तरावर एक शिक्काही होता. धुऊन धुऊन विरलेला. माप ५७ आणि खाली आकड्यांची अर्धवट रांग. शिक्का स्पष्ट नाही म्हणूनही पाहुण्यानं नाक मुरडलं होतं. पुतण्याच्या म्हणण्याप्रमाणे उलट आहे: युद्धाच्या उत्तरार्धात जर्मन कारखान्यांनी मालावर आपलं नाव घालायचं सोडून सरकारी नंबर घालायला सुरुवात केली, आणि नकली टोप्यांचे शिक्केच काय ते पोस्टाच्या तिकिटासारखे ठळक असतात. दुसरी जात म्हणजे खऱ्याच पण युद्धानंतरच्या टोप्या. नॉर्वेच्या सैन्यात, पश्चिम जर्मनीच्या सरहद्द पोलिसांत, त्यांच्या पहाडी पलटणीत पुढं कितीतरी वर्षं असल्याच घाटाच्या टोप्या होत्या. त्यांचा बिल्ला काढायचा, गरुड चिकटवायचा, झाली महायुद्धाची. आणि खऱ्या टोपीलाही लोक सोडत नाहीत. साध्या शिपायाच्या टोपीला कवटीचा बिल्ला लावला की ती एसएसची होते आणि भाव उड्या मारतो. “कवटी लावली तर...” असं काहीतरी पोरगं पुटपुटलं, पण आक्कांनी कावळ्याची काठी उचलल्यावर विषय संपला.

“पण कागद नाही आपल्याकडं,” ते म्हणालं. “गिऱ्हाईक पहिल्यांदा कागद मागतं.”

कागदाचं नाव निघालं की मला सातारचं वाघनख आठवतं. २०२४ च्या जुलैत लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमचं वाघनख साताऱ्याच्या शिवाजी संग्रहालयात आलं, तेव्हा आम्ही आळीतल्या बायका एसटीनं जाऊन आलो होतो. त्याच्याबरोबर डबी आहे, डबीवर मजकूर आहे: शिवाजीनं मोगल सरदाराला मारलं ते हे, साताऱ्याचा रेसिडेंट ग्रँट डफ याला पेशव्यांच्या कारभाऱ्यानं दिलं. आता १६५९ साली प्रतापगडाखाली मेला तो अफझलखान विजापूरचा, मोगलांचा नव्हे. आणि तो आमच्या या वाईतूनच तिकडं गेला, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. म्युझियमनं स्वतःच म्हटलंय की हेच ते वाघनख असं सिद्ध करता येत नाही. कोल्हापूरचे इतिहास संशोधक इंद्रजित सावंतही तेच सांगत होते. तेव्हा पेटीवरचा कागद असा असतो. जन्मभर मी विश्वकोशात प्रुफं तपासली, म्हणून कदाचित मला छापील ओळीचा धाक कमी आहे. आक्कांना मी विचारलं होतं, मग तुम्ही हात का जोडले? म्हणाल्या, “मी महाराजांना जोडले. वाघनखाला कशाला जोडू?”

याच्या उलट मेणवलीची घंटा. ती चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली त्या लुटीतली म्हणतात. तिला कागद लागत नाही, कारण तिच्या अंगावरच मेरी आणि बाळ येशू कोरलेत. नाना फडणविसांच्या घाटावर शंकराच्या देवळापाशी टांगलेली घंटा मेरीची कशी, याला लुटीशिवाय दुसरं उत्तर द्यायचं तर फार डोकं चालवावं लागेल.

तर टोपीच्या अंगावर काय आहे? पुतण्यानं आता थोडं चाचरतच सुरुवात केली, कारण त्याची आई येऊन उंबऱ्यात उभी राहिली होती.

जर्मन शिपायाला आधी नावेच्या आकाराची टोपी होती, आपल्याकडं एनसीसीची पोरं तिरपी घालतात तसली. तिच्यावर उलट्या व्ही आकाराची रंगीत दोरी: पायदळाला पांढरी, तोफखान्याला लाल, रणगाडेवाल्यांना गुलाबी. आफ्रिकेत गेलेल्यांना सुती, झापडवाली टोपी मिळाली. तिच्यात लाल अस्तर आणि बाजूला हवेसाठी धातूच्या छिद्रकड्या. उन्हानं ती विटून वाळूच्या रंगाची होई, आणि विटलेली टोपी म्हणजे जुना गडी, असा तिकडं मान. आपल्या हातातली आहे ती लोकरीची, कानपट्टीची, दोन बटणांची. ही सगळ्या सैन्याला सरसकट लागू झाली १९४३ च्या जूनमध्ये.

“मग?” थोरली.

“आई, आफ्रिकेतली लढाई १३ मे १९४३ ला संपली. तिकडच्या जर्मनांनी शस्त्रं खाली ठेवली त्यानंतर ही टोपी निघाली.”

थोरली काही बोलली नाही. मास्तर मात्र शिंप्याच्या धर्माला जागले. “आन् अंमलदाराची असती तर माथ्याच्या शिवणीला रुपेरी दोरी पाहिजे. तशीच ना रे? इथं दोरी न्हाई, आन् काढली म्हणावं तर सुईची भोकंबी न्हाईत. ही शिपायाची हाय.”

“म्हणजे कर्नल गेला,” आक्का म्हणाल्या. त्यांना जावेचं वाईट वाटलं असेल, पण चेहऱ्यावर दिसलं नाही.

मी म्हटलं, ट्रंकेतलं बाकीचं आणा. बिल्ल्यांची पुरचुंडी आली, मोडकळीला आलेलं डिस्चार्ज बुक आलं. पितळी रंगाचा सहा टोकांचा तारा. त्याची फीत लाल, पांढरी, हिरवी, पांढरी, लाल. हा इटली स्टार. आफ्रिकेत लढलेल्याला जो तारा मिळायचा त्याची फीत वाळूच्या रंगाची, मधोमध लाल पट्टा. तसली फीत पुरचुंडीत नव्हती. डिस्चार्ज बुकात पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन, म्हणजे जंगी पलटण. आणि हुद्दा, नाईक.

“सुभेदार न्हवते?” आक्कांचा आवाज पहिल्यांदा खरोखर खाली गेला. त्यांचे यजमान हयातभर ‘सुभेदारांचे चिरंजीव’ म्हणून पहिल्या पंगतीला बसले.

नाईक होते. पण मी त्यांना सांगितलं ते इथंही सांगते. ती पलटण आठव्या हिंदी डिव्हिजनमध्ये होती. १९४३ च्या शरदात इटलीत उतरली, सांग्रो नदी, मग पुढच्या मेमध्ये कासिनोच्या पायथ्याची नदी, मग उत्तरेला चढत चढत सेनिओपर्यंत. त्याच सेनिओवर ९ एप्रिल १९४५ ला याच पलटणीतल्या नामदेव जाधवांनी दोन जखमींना गोळ्यांच्या माऱ्यातून उचलून आणलं, एकट्यानं मशीनगनचे अड्डे बंद पाडले आणि बंधाऱ्यावर चढून शिवाजी महाराजांचा जयजयकार केला. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आधीच्या जुलैत तिसऱ्या पलटणीतले यशवंत घाडगे टायबरच्या खोऱ्यात पडले, त्यांना तो मरणोत्तर मिळाला. मोंतोने गावात २०२३ साली त्यांच्या नावानं सूर्यघड्याळ उभारलंय. आणि फ्लॉरेन्सजवळच्या मोंतेगुफोनीच्या गढीत, १९४४ साली, इटालियनांनी लपवून ठेवलेली बोत्तिचेल्लीची चित्रं सापडली, त्यांच्यावर पहारा दिला तो याच डिव्हिजनमधल्या मराठा जवानांनी. सातारा-सांगलीकडची शेतकऱ्यांची पोरं ती. तिथं कुठल्याशा नाल्यात, ओसरीत, कैद्यांच्या रांगेशेजारी पडलेली एक शिपायाची टोपी नाईकसाहेबांनी उचलली, यात मला न पटण्यासारखं काही दिसत नाही.

खालच्या आळीचा प्रश्न उरला होता. तो पुतण्यानंच काढला, कारण त्यालाही ते लागलं होतं. आफ्रिकेतलं टोब्रुक १९४२ च्या जूनमध्ये पडलं तेव्हा मराठ्यांची दुसरी पलटण कैद झाली, हे खरं. नेताजींनी जर्मनीत हिंदी कैद्यांतून फौज उभी केली, ९५० नंबरची रेजिमेंट, हेही खरं. त्यांचा गणवेश जर्मनच होता. फरक एवढाच की उजव्या बाहीवर भगवा, पांढरा, हिरवा पट्टा आणि त्यावर झेप घेणारा वाघ. “म्हणजे नुसत्या टोपीवरून,” तो म्हणाला, “काहीच सांगता येत नाही. टोपी दोघांची सारखीच.”

“आन् बुकावरनं?” मास्तर.

बुकावरून सांगता येतं. पहिली पलटण, इटली, वर्तणुकीच्या रकान्यात चांगला शेरा, वेळेवर सुटका, पुढं पेन्शन. कैदेची नोंद नाही. आणि समजा गेले असते नेताजींच्या फौजेत, तर आज त्यांच्या नावानं चौक झाला असता आणि ही खालची आळीच हार घालायला पुढं आली असती. कुजबुज करायची ती जुन्या भीतीपायी. तिला आता काही अर्थ राहिलेला नाही. पण कुजबुजीला अर्थ लागतो असं कुणी सांगितलं?

थोरली इतका वेळ उंबऱ्यात होती. ती म्हणाली, “म्हणजे टोपी खरी, आन् मी सांगत आले ते खोटं.” मग जरा थांबून, “त्यापरीस डुप्लिकेट निघाली असती तर बरं झालं असतं. माजा आफ्रिकेचा सायब तरी ऱ्हायला असता.”

यावर मास्तरांकडंही उत्तर नव्हतं. आक्कांनी जावेला चहा टाकायला आत नेलं. बऱ्याच वर्षांनी त्या दोघी एका चुलीपाशी बसलेल्या मी पाहिल्या, म्हणजे कुंपणावरून जेवढ्या दिसल्या तेवढ्या.

पुतण्यानं बेळगावच्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज घातलाय, आजोबांच्या नंबरासकट. मध्येच कुणीतरी त्याला भीती घातली की पुरातन वस्तू विकायला सरकारची बंदी आहे. पण १९७२ चा तो कायदा शंभर वर्षांवरच्या वस्तूंना लागू होतो, टोपीला अजून अवकाश आहे. विकायची की नाही यावर दोन जावांत आता नवीन वाद आहे. थोरली म्हणते काचेच्या पेटीत ठेवू आणि खाली ‘नाईक’ लिहू. आक्का म्हणतात पेटीत कसली, दसऱ्याला कुंकू कसं लावायचं मग?

परवा दुपारी मी पापड उचलत होते तेव्हा पलीकडं आक्कांचा फोन वाजला. पुण्याचंच गिऱ्हाईक. बोलणं एका बाजूचंच ऐकू आलं, पण तेवढं पुरे होतं. “हां... हां... पन्नास? हजार? न्हाई वो, कशाला तुमचं नुकसान... न्हाई न्हाई, ऐका की माजं. तुमीच भिंग लावून सांगितलंसा न्हवं डुप्लिकेट हाय म्हणून? मग? आमी डुप्लिकेट माल विकत न्हाई.”